आत्याच्या पट्टीतला पिवळा गाळ

माझी आत्या तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली. माझ्या वडिलांनी सीनाकाठच्या मळईतली, म्हणजे नदीच्या गाळाच्या रानातली, एक पट्टी तिला चोळी-लुगड्याला तोडून दिली. त्या पट्टीच्या ज्वारीवर आत्यानं आमच्याच घरात आपली चूल वेगळी राखली होती. "भावाच्या घरात ऱ्हाईन, पन भावजयीच्या हाताकडं बघत जेवनार न्हाय," असं म्हणायची.

ती चूल माझ्यामुळं विझली. दुष्काळ लागला नाही, भाऊबंद लागले नाहीत. घरातला एकच शिकलेला माणूस पुरला.

मी नुकताच सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालो होतो. लग्नही झालं होतं, म्हणजे शहाणपणाला कुठूनच आडकाठी नव्हती. त्या साली सीनेला मोठा पूर येऊन गेला. सोलापूरकडून येणारा ओढा आमच्या शिवारात नदीला मिळतो. त्याच्या तोंडाशी गुडघाभर गाळ साचला होता आणि त्यावर हळदीसारखी पिवळी साय. पुराचा गाळ म्हणजे आमच्याकडं फुकटचं खत. पाणी ओसरलं की जो तो गाड्या जुंपून तो रानात ओढतो. मी म्हटलं, हे तर सोनं! लोकांनी हात लावायच्या आत सगळा आत्याच्या पट्टीत नेऊन पसरला.

तिच्या रानात दरवर्षी मेंढरं बसवणारा धनगर आला. मेंढरांनी बांधावरून माती हुंगली आणि ती माघारी वळली.

"मास्तर," तो मला चिडवून असंच म्हणायचा, "जनावर पाय टाकंना. वर शहरात रंगखानं हायती, त्येंचं पानी हाय ह्ये."

"मेंढरांना काय कळतंय मामा? ती कुठं शाळेत गेलीत?"

"म्हनून तर वाचली," असं म्हणून तो कळप घेऊन गेला.

मी आत्याकडं पाहिलं. "तू शिकलायस बाबा. तुला ठावं," ती म्हणाली. त्या विश्वासाचं ओझं मला तेव्हा कळलं नाही.

ज्वारी वीतभर वाढली, पिवळी पडली आणि बसली. मग कुठं मी सोलापुरात जाऊन रंगखान्यातल्या एका कामगाराला गाठलं. त्यानं आपली पिवळी नखं दाखवली.

"पिवळ्या रंगात शिसं असतंय. आमी हात घासल्याबिगर भाकर खात न्हाई, आन् तुमी त्यात भाकर पेरली?"

घरी येऊन मी आत्याला म्हटलं, सगळा गाळ खरवडून नदीत लोटतो.

"आन् खाली कुनी ऱ्हात न्हाय व्हय?" ती म्हणाली. "तितं बी एकादीची पट्टी आसंल की."

उन्हाळाभर आम्ही दोघांनी पाट्यांनी माती वाहिली, कोपऱ्यात ढीग घातला, भोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या. निम्मीच पट्टी साफ होऊन हाती आली. निम्म्या पट्टीवर वेगळी चूल चालत नाही. आत्या आईच्या चुलीवर जेवू लागली. ताटात दुसरी भाकरी पडायच्या आत ती "पुरं" म्हणायची. मरेपर्यंत.

आता ती पट्टी माझ्याकडं आहे. ढिगावर अजून गवत धरत नाही. नदी चढू लागली की मी त्याच्या पायाशी दगड रचायला जातो. "मास्तर सोनं राखायला निघाले," म्हणून घरचे हसतात, मीही हसतो. तरी दर पुरात थोडा गाळ जातोच. खाली कुणाच्या पट्टीत, ते काही मला कळत नाही.