कापसापुढे काढलेला फोटो

यवतमाळला आमच्या घरी बाबांच्या माणसांचे फोटो पार पणजोबांपासून आहेत. सगळे कचेरीतले, कोट घालून खुर्चीत ताठ बसलेले. आईच्या बाजूचा मात्र एकही नाही. आई फुलसावंगीजवळच्या तांड्यावरची, बंजारा. तिची आई, म्हणजे माझी आजी, फोटोशिवायच गेली. मी नेमकी कोणासारखी, हे त्या अल्बममध्ये शोधून मी वैतागले होते. एकाचंही नाक माझ्या नाकाशी जुळत नव्हतं. शेवटी कॅमेरा घेतला आणि तांड्यावर मावशीकडे, आईच्या थोरल्या बहिणीकडे, गेले.

कापसाला भाव नव्हता ती वर्षं. मावशीचा कापूस पुढच्या खोलीतच आढ्यापर्यंत रचलेला. घरचे त्यालाच टेकून जेवत. मी कॅमेरा बाहेर काढला मात्र, आत्तापर्यंत हसत चहा गाळणारी मावशी कापसापुढे उकिडवी बसली, कपाळाला हात लावला आणि तोंड पाडलं.

"मावशी, काय झालं गं?"

"फोटो काढून राह्यली ना? पेपरवाले असंच बसाले सांगतात."

असा राग आला! पेपरवाल्यांचा आला, त्याहून जास्त तिचा. मी काय बाहेरची?

"मी पेपरवाली नाही, तुझ्या बहिणीची पोरगी आहे," मी फणकाऱ्यानं म्हटलं.

मावशी खो-खो हसत सुटली. "मंग तिकडं कायले उभी हायेस? ये, बस."

कॅमेरा कोनाड्यात ठेवला, टायमर लावला आणि धावत जाऊन तिच्याशेजारी कापसात धपकन बसले. आम्ही हसत होतो तेवढ्यात फोटो निघाला.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो पाहून मी थक्क झाले. दारातलं ऊन कापसावर पडून आमच्या तोंडांवर आलं होतं. असा उजेड मी कुठल्या स्टुडिओत पाहिला नव्हता.

मावशी स्वतःकडे बघेचना. तिनं ओढणी डोक्यावर घेतली आणि हात जोडले, फोटोतल्या माझ्यापुढे!

"याडी हाय वं हे," ती म्हणाली. याडी म्हणजे आई.

आजी माझ्याच तोंडावर होती. आईनं हे कधी सांगितलं नाही. पण आमच्या घरात एवढं तोंडभर हसतं तरी कोण!

मावशीनं कॅमेरा बाजूला सारला आणि माझी हनुवटी धरून तोंड दाराकडे वळवलं.

"एकडाव अजून हास ना."

मला रडू फुटलं होतं. तरी मी हसले.