गालाला लावलेले कातडे

एखादे काम माणसाच्या रक्तात असते का? या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला घेतले आहे. मी शिक्षिका आहे. आंदर मावळातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. प्रयोगाच्या वहीत आधी प्रश्न लिहावा, मग जे पाहिले ते, आणि जे वाटले ते सर्वांत शेवटी, असे मी मुलांना सांगते. इथे मला तो क्रम पाळता येणार नाही. या प्रश्नाच्या मुळाशी हेवा आहे. माझा हेवा. तो लपवला तर नोंद खोटी ठरेल.

घटना लोणावळ्यातली. आमच्या भागातल्या बारा शिक्षकांना कार्यानुभव विषयाच्या एका दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवले होते. विषय होता, चामड्यावर हाताने नक्षी उठवणे. जागा एका स्टुडिओची. मोठ्या काचा, काचांपलीकडे धुके. प्रत्येकाच्या टेबलावर संगमरवराची लादी, आणि कापडी गुंडाळीत ओळीने खोचलेली हत्यारे. शिकवणारा तरुण लोणावळ्याचाच होता. त्याने पांढरा ॲप्रन घातला होता. त्यावर एकही डाग नव्हता. मी तो डाग शोधत होते, हे कबूल करते.

त्याने कातड्याचे चौकोनी तुकडे वाटले. स्पंजने ओले कसे करायचे ते दाखवले. मग म्हणाला, "आता थांबायचं. फार ओलं असेल तर नक्षी बसत नाही, फार सुकलं तर सुरी चालत नाही. बरोबर वेळ कशी ओळखायची? गालाला लावून. गालाची कातडी सगळ्यात हळवी असते."

सगळे हसले. माझ्या शेजारच्या टेबलाशी तळेगावच्या सुनीता मॅडम होत्या. आम्ही दोघींनी पूर्वी एकाच शाळेत चार वर्षे शिकवले आहे. त्यांनी ओला तुकडा गालाला लावला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "अय्या, किती गार लागतंय! कुणीतरी फोटो काढा ना माझा."

फोटो निघाला. मग दुसरीचा. मग दोघा सरांचा. अकरा शिक्षकांनी अकरा गालांना कातडे लावले. मी माझा तुकडा मनगटाच्या आतल्या बाजूला लावला.

मनगटाने मला चुकीचे सांगितले. कातडे अजून ओलेच होते. मी कमळ कोरायला घेतले. सुरीची रेघ फुगली, ठशांच्या कडा विरघळल्यासारख्या झाल्या. शेजारी सुनीता मॅडमचे फूलही तसेच बिघडले. पाकळ्या कुठे आणि देठ कुठे. दोन तुकडे शेजारी ठेवले तर कोणता कुणाचा हे सांगता आले नसते, इतके ते सारखेच वाईट होते.

प्रशिक्षकाने मॅडमचा तुकडा वर धरला. "पहिल्या प्रयत्नात इतकं? छान." टाळ्या वाजल्या.

मॅडमनी माझ्या तुकड्याकडे पाहिले आणि प्रेमाने, अगदी प्रेमाने म्हणाल्या, "अहो मॅडम, तुमचंच कसं बिघडलं? तुमच्या तर रक्तातच असणार हे."

पुन्हा हशा. मीही हसले. ही नोंद महत्त्वाची आहे. मीही हसले.

माझे वडील काय करत, हे मी शाळेत कधी कुणाला सांगितले नव्हते. माझ्या आडनावाने सांगितले होते.

त्या क्षणी मला जे वाटले तो राग नव्हता. तो हेवा होता. मॅडमच्या घराचा नाही, तळेगावच्या त्यांच्या बंगल्याचा किंवा त्यांच्या रेशमी ओढणीचाही नाही. मला त्यांच्या चुकीचा हेवा वाटला. त्यांना बिघडवण्याची मुभा होती. त्यांचे फूल वाकडे आले तर त्या शिकत होत्या. माझे वाकडे आले तर मी घरचेच विसरले होते. सारखीच चूक, सारखाच ओलावा. त्यांना टाळ्या, मला हशा.

चहाच्या सुट्टीत मी काचेपाशी उभी राहिले. आता त्या मनगटाविषयी लिहायला हवे.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तिकोणा पेठ या गावी चामड्याचे काम करत. वहाणा, पट्टे, कोयत्याची म्याने, बैलांच्या गळ्यातले घुंगरांचे पट्टे. नक्षी ते घोड्यांचे जीन शिवणाऱ्या एका कारागिराकडून शिकले होते. आमच्याकडे संगमरवर नव्हता. जात्याची फुटलेली तळी होती. त्या अर्ध्या दगडावर कमळे उमटत. कडा घोटायला मोडक्या लाटण्याचा तुकडा होता. कापलेल्या कडेला पाणी लावायचे, मग लाटण्याने घासत राहायचे, कड काचेसारखी होईपर्यंत. शेवटी मेण. मी तिसरीत असताना आबांनी मला शिकवायला घेतले.

"गालाला लाव," ते म्हणायचे. "सुकताना रंग मागारी आला पायजे, पर गारवा ऱ्हायला पायजे. दोनी बगायचं. घाई न्हाई करायची."

बाभळीच्या सालीत कमावलेले कातडे ओले असताना अंगावर तांबूस डाग पाडते. एका सकाळी मी तुकड्यांची ओल गालाने बघून तशीच शाळेत गेले. प्रार्थना मी सांगायचे. पुढे उभी राहायचे, माझा आवाज खणखणीत होता. बाईंनी माझी हनुवटी वर केली.

"हे गालाला काय?"

"कातडं, बाई. ओल बघतात."

त्यांनी हात मागे घेतला, रुमालाला पुसला. "चामडं तोंडाला लावतेस आणि त्याच तोंडानं प्रार्थना सांगतेस? जा मागे."

मी रांगेच्या शेवटी गेले. दुसरी मुलगी पुढे झाली. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची मुलगी होती ती. तिच्या खांद्याला चामड्याचे दप्तर होते आणि त्या दप्तरावर आबांच्या हातचे कमळ होते. कमळ पुढे गेले. मी मागे. माझ्या दप्तराला खताच्या गोणीचे कापड होते. प्रार्थना चालू असताना मी डोळे मिटले नाहीत. मी ते कमळ पाहत होते. तेव्हाही मला हेवाच वाटला होता. आमच्याच घरातून गेलेल्या फुलाचा हेवा.

दुसऱ्या दिवसापासून मी मनगट वापरू लागले. आबांना काही बोलले नाही. त्या पावसाळ्यात माझे तुकड्यांमागून तुकडे बिघडले. आबा एकेक उचलत, उजेडात धरत आणि कोपऱ्यात टाकत. "फुगलंय. दुसरं घे." पुन्हा, "फुगलंय." एकदा म्हणाले, "बगू, कसं बगतीस तू?"

मी मनगटाला लावून दाखवले.

"आन् गालाला काय झालं?"

मी सांगितले. ते शाळेत गेले नाहीत. भांडले नाहीत. मला जवळही घेतले नाही. रापीला, म्हणजे चामडे कापायच्या हत्याराला, धार लावत बसले आणि मग म्हणाले, "मनगटाला समदंच गार लागतं. त्याला काय कळत न्हाई. तुजं तू ठरीव."

मी असे ठरवले की घरात गाल वापरायचा आणि बाहेर जाताना तो साबणाने घासायचा. असे मी कित्येक वर्षे केले. कमळ जमायला मला पाचवी उजाडली, कड घोटायला सातवी. पुढे शिक्षिका झाले तेव्हा सगळेच सोडून दिले. कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना कागदाच्या होड्या शिकवल्या, मातीची फळे शिकवली. कातडे कधीच नाही.

चहा संपला. मी टेबलाशी परतले. दुसरा तुकडा ओला केला. थांबले. मग तो उचलून गालाला लावला. कुणी फोटो काढला नाही. रंग परतला होता, गारवा राहिला होता. मी कमळ कोरले. ठशांनी पाकळ्यांच्या कडा दाबल्या. तासाभरात फूल उभे राहिले. मग ठोकणीच्या लाकडी मुठीने तुकड्याची कड घोटली. हे प्रशिक्षकाने शिकवलेले नव्हते. तो माझ्याजवळ येऊन थांबला. "हे कुठं शिकलात?" एवढे त्याने विचारले. तोच एक योग्य प्रश्न होता. मी उत्तर देण्याआधी सुनीता मॅडम म्हणाल्या, "बघा! मी म्हटलं नव्हतं? रक्तातच आहे."

म्हणजे बिघडले तेव्हाही रक्त, जमले तेव्हाही रक्त. मधला पावसाळा कुणीच हिशेबात धरला नाही.

दिवसाच्या शेवटी आमचे केंद्रप्रमुख उभे राहिले. केंद्रातल्या सगळ्या शाळांमध्ये ही कला शिकवायला एक मार्गदर्शक निवडायचा होता. ते म्हणाले, "सुनीता मॅडमचं नाव मी देतो. त्यांना बोलण्याची हातोटी आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आणि मॅडम, तुम्ही कातडं-बितडं आणायचं तेवढं बघा. तुमच्या लोकांत ओळखी असतीलच."

टाळ्या सुरू झाल्या होत्या. मी उभी राहिले.

"सर, कातडं मी आणणार नाही."

"अहो, मदत म्हणून म्हटलं हो."

"शिकवायचं असेल तर शिकवते. आणायचं काम माझं नाही."

सुनीता मॅडमनी माझा हात धरला. "असं काय करता? मी कौतुकानंच म्हटलं होतं, रक्तात आहे म्हणून."

मी हात सोडवला. आवाज चढवला नाही. वर्गात बोलते तसे बोलले. "माझ्या रक्तात काही नाही, मॅडम. माझ्या वडिलांनी एका पावसाळ्यात माझे तुकडे फेकून फेकून कोपरा भरला, तेव्हा हे आलं. तुमचं बिघडलं तर तुम्ही शिकत होतात. माझं बिघडलं तर मी विसरले. आणि माझं जमलं तर मी काहीच केलं नाही. मग मी शिकले कधी, ते सांगा."

कुणाची तरी खुर्ची सरकली. केंद्रप्रमुख म्हणाले, "चला, उशीर झालाय. भावनेच्या भरात नको काही." कागदावरचे नाव बदलले नाही. मार्गदर्शक सुनीता मॅडमच आहेत.

घरी येताना मी माझ्या थोरल्या भावाला फोन केला. तो देहूरोडला डेपोत नोकरी करतो. आईबाप तेच, रक्त तेच, घरही तेच. मी विचारले, "तुला अजून येतं का रे कातड्याचं काम?"

तो हसला. "मला काय इचारतीस? मी रापी धरली की आबा म्हनायचे, 'ठिव खाली, बोट तोडशील.' माझ्या कमरंचा पट्टा बी मी बाजारातनं आनलाय."

ही माझी दुसरी नोंद. एका मुलीला बसवून शिकवले, तिला आले. एका मुलाला शिकवले नाही, त्याला आले नाही. रक्ताचा संबंध मला कुठे आढळला नाही.

पुढच्या आठवड्यात मी माझ्या वर्गात कातडे नेले. आधी मी गालाला लावले. मग मुलांना लावायला दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी एका मुलीचे आजोबा शाळेच्या पायरीशी आले. गावातले मानाचे गृहस्थ. वर चढले नाहीत.

"बाई, पोरीला चामडं तोंडाला लावायला सांगितलं म्हनं तुमी?"

"व्हय आजोबा. मीच सांगितलं."

"आमच्यात न्हाई चालत असलं."

"तुमच्या बैलाच्या गळ्यातला पट्टा चामड्याचाच आहे. पोळ्याला तुम्ही त्याच गळ्याला कुंकू लावता."

"बैलाचं येगळं." ते गेले. ती मुलगी आता त्या तासाला दुसऱ्या वर्गात जाऊन बसते. तिचा अर्धवट कोरलेला तुकडा मी ओल्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवला आहे. फडके सुकले की पुन्हा भिजवते.

माझा हेवा गेलेला नाही. सुनीता मॅडम शाळाशाळांतून फिरतात, त्यांचे वाकडे फूल त्यांच्या शाळेच्या दर्शनी भिंतीवर आहे, हे ऐकले की तो अजूनही जागा होतो. तो मी जाऊ देणार नाही. तो असेपर्यंत मला आठवत राहील की माझ्याकडून काय काढून घेतले होते. माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी माझे दोन्ही तुकडे लावले आहेत. पहिल्याखाली लिहिले आहे, 'बिघडले. मनगटाने पाहिले.' दुसऱ्याखाली, 'जमले. गालाने पाहिले.' त्यांच्याखाली शिकवणाऱ्याचे नाव आहे, आबांचे, पूर्ण, आडनावासकट. सुनीता मॅडम मार्गदर्शक म्हणून आमच्या शाळेत येतील तेव्हा ती भिंत तशीच असेल. कातडे आणायला मी जाणार नाही. मागे उभी राहणार नाही. आणि घराबाहेर पडताना गाल धुणार नाही.

वाचकाला माझी एकच विनंती आहे. माझ्या शब्दावर विसंबू नका. सालीत कमावलेल्या कातड्याचा एक तुकडा घ्या, ओला करा, रंग परतू लागला की गालाला लावा आणि एक फूल कोरा. तुमचे कूळ कोणतेही असो. पहिले फूल बिघडेल. ते तारीख घालून जपून ठेवा, आणि विसावे फूल झाल्यावर दोन्ही शेजारी ठेवून पाहा. मधल्या अठरा फुलांत काय घडले, ते स्वतः तपासा.