प्यालेले ड्रायव्हर आणि आमचं कोर्ट

कोर्टात दोन गोष्टी साठतात. एक कागद आणि दुसरे किस्से. कागदांचं बरं असतं. ठरलेली वर्षं झाली की हुकूम येतो आणि ते मागच्या अंगणात जाळून टाकता येतात. किस्से जाळायचा हुकूम मला कधी आला नाही! म्हणून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी बुऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यात माझ्या ओट्यावर चार जण बसले की कुणीतरी म्हणतंच, “रीडरसाहेब, तो दारूवाला सांगा ना.”

आता दारूवाले काय एकदोन होते?

मी बुऱ्हाणपूरला मॅजिस्ट्रेटच्या कोर्टात रीडर होतो. म्हणजे साहेबांच्या खाली बसायचं, फायली पुढे करायच्या, तारखा द्यायच्या. नवा मध्यप्रदेश नुकताच झाला होता. नागपूर-वऱ्हाड मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे राहिलो. आमचे साहेब आले थेट रीव्याकडून. उंच, बारीक, शांत माणूस. आवाज चढलेला मी कधी ऐकला नाही. मराठी मात्र त्यांना ओ की ठो कळत नव्हती.

त्याच वर्षांत गावात मोटारी वाढल्या. केळीचे ट्रक, कापसाचे ट्रक, शाहपूरच्या बसेस. मोटारी वाढल्या तशा पिऊन चालवणाऱ्यांच्या केसेसही वाढल्या. शिक्षा साधी नव्हती. दंड व्हायचा, जेल व्हायची आणि वर लायसन जायचं ते वेगळंच.

*

नव्या राज्याबरोबर नवी हिंदीही आली. आरोप वाचून दाखवायचे मसुदे वरून छापून आले. पहिल्यांदा वाचायची पाळी माझी. समोर ट्रक ड्रायव्हर गणपत, हात जोडून उभा.

मी घसा साफ करून वाचलं, “तुमने मादक द्रव्य के प्रभावाधीन होकर, यंत्रचालित वाहन का, सार्वजनिक मार्ग पर परिचालन किया. अपराध स्वीकार है?”

गणपतचं तोंड पांढरं पडलं.

“नाही साहेब! देवाशप्पथ नाही! एवढं मोठं काही केलं नाही मी. फक्त दारू पिऊन ट्रक चालवला!”

*

दुसरा एक होता, विशीबाविशीचा. नवंनवं लायसन. बाजारात कुणाची तरी भाजीची गाडी उलटवली. नशीब, कुणाला लागलं नाही.

साहेबांनी विचारलं, “पी रखी थी?”

“थोडी घेतली होती साहेब.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. “क्या ली थी?”

मी म्हटलं, “बोल ना रे, काय घेतली होती? लिहावं लागतं.”

त्याने एकदा मागे बघितलं. मान खाली. शेवटी हळूच म्हणाला, “रीडरसाहेब, मागे माझी आई उभी आहे. तिच्यासमोर नाव कसं काढू?”

मी हे साहेबांना हिंदीत सांगितलं. साहेबांनी पेन खाली ठेवला. त्यांनाही पटल्यासारखं दिसलं. आता बिनदारूची कबुली कशी लिहायची या विचारात आम्ही दोघं, तेवढ्यात मागून म्हातारीचा आवाज आला.

“लिवा हो साहेब. दारूच पेला होता. मी वास घेयेल आहे!”

*

ड्रायव्हर पकडला की हवालदार त्याला आधी सरकारी डॉक्टरांकडे न्यायचा. तेव्हा फुंकायचं मशीन वगैरे नव्हतं. डॉक्टर तोंडाचा वास घ्यायचे, डोळे बघायचे आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात फरशीच्या रेघेवरून चालायला लावायचे. शेवटची परीक्षा बोलण्याची. ती डॉक्टरांची स्वतःची होती. “कच्चा पापड, पक्का पापड” दहा वेळा म्हणायचं! जीभ अडखळली की रिपोर्टात लिहायचे, ‘वाणी अस्पष्ट’.

त्यात सापडला कडुबा. कापसाच्या ट्रकवरचा जुना ड्रायव्हर. वास म्हणाल तर थोडा होता. कडुबा म्हणत होता, दाढ दुखत होती म्हणून देशी दारूचा बोळा धरला होता. रेघेवरून तो नीट चालला. पण पापडाला पडला! त्या एका ओळीवर त्याचं लायसन जायची वेळ आली. घरी पाच खाणारी तोंडं.

कडुबाकडून महाजन वकील उलटतपासणीला उठले.

“डॉक्टरसाहेब, कडुबा जन्मापासून तोतरा आहे, ठाऊक आहे?”

“तपासताना कुणी सांगितलं नाही.”

“तो कसा सांगणार? तोतरा आहे! बरं, जो प्यालेला नाही तो हे पापड सरळ म्हणू शकतो, हे तुमचं मत?”

“अर्थात.”

“मग एकदा कोर्टाला म्हणून दाखवा. दहा वेळा.”

डॉक्टरांनी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, “कहिए, कहिए. हम भी सुनें.”

डॉक्टर सुरू झाले. तीन वेळा झकास. चौथ्याला कच्चा पक्का झाला, पाचव्याला पापडाचा ‘कापड’ झाला. पुढे काय म्हणाले ते मला लिहिता आलं नाही.

साहेबांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, “डॉक्टर साहब, आप यहाँ कैसे आए?”

“सायकलनं.”

“जाते वक़्त पैदल जाइएगा.”

कडुबा सुटला. डॉक्टर मोकळ्या मनाचे होते, त्यांनी मनाला लावून घेतलं नाही. पण नंतर बरेच दिवस दवाखान्यात सकाळी आतल्या खोलीतून “कच्चा पापड, पक्का पापड” ऐकू यायचं, असं कंपाउंडर सांगायचा.

*

निंबोल्याच्या रस्त्यावरची केस तर वकिलांनाही चक्रावून गेली.

केळीने भरलेला ट्रक चिखलात बंद पडला. ड्रायव्हर तर्र. दगडू पाटील नावाचा शेतकरी शेतातून येत होता. त्याला दया आली. त्याने दोन बैलजोड्या आणून ट्रकला जुंपल्या. ड्रायव्हर वर स्टिअरिंग धरून बसला, डुलत डुलत. बैल ओढताहेत, ट्रक चालतोय. पुढे रस्त्याच्या कडेला आमच्या रामसिंग हवालदाराची सायकल उभी होती. ट्रक गेला तिच्यावरून!

रामसिंगने जागच्या जागी पंचनामा केला. पिऊन मोटार चालवली!

महाजन वकील म्हणाले, “इंजिन बंद होतं. बंद मोटार कशी चालवणार?”

सरकारी वकील म्हणाले, “स्टिअरिंग कुणाच्या हातात होतं?”

असं अर्धा तास चाललं. शेवटी साहेबांनी दगडू पाटलाला पिंजऱ्यात बोलावलं. “गाड़ी कौन चला रहा था?”

“मी हाकलत होतो साहेब. हा तं नुसता वर बसेल होता.”

महाजन वकिलांचा चेहरा खुलला. साहेब लिहायला लागले. पण दगडू पाटील काही खाली उतरेना. तिथेच उभा, पागोटं हातात घेऊन.

“अब क्या है?”

“साहेब,” दगडू पाटील हळूच म्हणाला, “माह्याजवळ लायसन नाही. मले किती होईल?”

*

जेलपेक्षा ड्रायव्हर लायसनला जास्त भ्यायचे. शाहपूरचा एक रघुनाथ म्हणून होता. साहेबांचे पायच धरले त्याने. “साहेब, महिनाभर आत टाका, पण लायसन राहू द्या.” साहेबांनी ऐकलं नाही. थोडा दंड केला आणि सहा महिने लायसन बंद.

पंधरा दिवसांनी त्याची बायको कोर्टात हजर. अर्ज नाही, वकील नाही, तरातरा पुढे आली.

“साहेब, त्याले जेलात टाका.”

“क्यों?”

“गुन्हा त्यानं केला, शिक्षा मले कायले? दिवसभर घरात. भाजीत मीठ कमी, भाकर जाड, इथे केर, तिथे केर. बोलतो नि बोलतो.”

मी हे हिंदीत सांगत होतो, साहेबांनी मला मधेच थांबवून तिला विचारलं, “घर में पीता है क्या?”

“नाही ना साहेब!” ती कळवळून म्हणाली. “एक थेंब नाही. म्हणून तं एवढा बोलतो!”

*

शामरावची केस मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.

शामराव म्हणजे शाहपूर लाइनचा बस ड्रायव्हर. पन्नाशीचा, खाकी कपडे नेहमी धुतलेले, नाकासमोर चालणारा. त्या वर्षी त्याची बायको वारली होती. एका सोमवारी दुपारी तो कोर्टात आला आणि सरळ साहेबांच्या टेबलावर आपलं लायसनचं पुस्तक ठेवलं.

“साहेब, हे ठेवून घ्या.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी फायलींकडे. त्याच्या नावाची फाइलच नव्हती.

“किस जुर्म में?” साहेबांनी विचारलं.

“अजून झाला नाही साहेब.”

मला वाटलं, प्यालेलाच आहे. पण नव्हता. डोळे स्वच्छ, आवाज स्वच्छ. तो म्हणाला, “ती गेल्यापासून घेतो. आधी संध्याकाळी घ्यायचो. आता दुपारीही घेतो. काल शाहपूरहून भरलेली गाडी आणली. बाया होत्या, लेकरं होती. सगळी स्टँडवर सुखरूप उतरली. कुणी काही बोललं नाही. घरी गेलो, जेवायला बसलो आणि एकदम मनात आलं, की येताना आपण पुलावरून आलो कधी? साहेब, सगळा रस्ता आठवतो. तापी आठवत नाही.”

मी हे हिंदीत सांगितलं.

साहेबांनी पुस्तकाकडे बघितलं. मग म्हणाले, “कानून में इसकी कोई धारा नहीं है, शामराव. न शिकायत, न गवाह. मैं सज़ा किस बात की दूँ?”

“शिक्षा नको. नुसतं ठेवून घ्या. माझ्याजवळ राहिलं तर मी उद्या पुन्हा गाडीवर बसेन. मालक चांगला आहे, तो नाही म्हणणार नाही. मलाच नाही म्हणता येत नाही.”

एवढं बोलून त्याने नमस्कार केला आणि गेला. पुस्तक टेबलावर तसंच.

मी विचारलं, “साहब, किस रजिस्टर में चढ़ाऊँ?”

साहेबांनी ते उचललं, आपल्या टेबलाच्या खणात ठेवलं आणि म्हणाले, “अगला केस बुलाइए.”

पुढच्या महिन्यात पहिल्या सोमवारी शामराव दारात उभा दिसला. साहेबांनी मान वर करून बघितलं. शामरावने ‘अजून नाही’ अशी मान हलवली आणि गेला. त्याच्या पुढच्या महिन्यातही तसंच. तेव्हा तो कापसाच्या जिनिंगमध्ये पोती उचलत होता. कधी डोळे तांबारलेले दिसायचे, कधी गाल आत गेलेले. एका महिन्यात आलाच नाही. त्या दिवशी साहेबांनी जेवणाच्या सुट्टीत दोनदा मला विचारलं, “वो आया था?” पुढच्या खेपेला आला, कपाळावर खोक पडलेली. मान हलवली, गेला. त्या दुपारी साहेबांनी एकाही वकिलाला पुढची तारीख दिली नाही, सगळ्या केसेस चालवल्या.

असे किती महिने गेले मला आता सांगता येणार नाही. थंडी येऊन गेली होती, एवढं नक्की. एका सोमवारी शामराव आला, दारात उभा राहिला. साहेबांनी बघितलं. त्याने मान हलवली नाही. नुसता बघत राहिला. साहेबांनी खण उघडला, पुस्तक काढून टेबलाच्या कडेला ठेवलं आणि पुन्हा लिहायला लागले. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं.

पुढच्याच आठवड्यात शाहपूरला एका केसमधल्या जागेचा मौका बघायला, म्हणजे पाहणी करायला, जायचं होतं. सरकारी जीप मिळत होती. साहेब म्हणाले, “नहीं, बस से चलेंगे.” आम्ही स्टँडवर गेलो. तीन बसेस उभ्या होत्या. साहेब प्रत्येकीच्या पुढे जाऊन ड्रायव्हरची सीट बघून आले आणि तिसरीत चढले. पुढच्या सीटवर बसले, ड्रायव्हरच्या अगदी जवळ. मी त्यांच्या मागे.

शामरावने आरशात एकदा बघितलं. ओळख दाखवली नाही. गाडी काढली.

बसमध्ये बाजाराची माणसं होती, टोपल्या होत्या, एका बाईच्या मांडीवर तान्हं झोपलेलं. पुलावर चढल्यावर शामरावने गाडी हळू केली. अगदी हळू. मागून कंडक्टर ओरडला, “क्या हुआ भाऊ?” शामरावने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

“साहेब,” तो म्हणाला, “तापी.”