आप्पांच्या बंदिशी आणि काळी स्क्रीन

आमच्या गाण्याच्या क्लासची माणसं आता भेटतात ती कुणाच्या लग्नात, नाहीतर कुणाच्या दहाव्याला. भेटली की आधी बीपी आणि गुडघे होतात, आणि मग कुणीतरी म्हणतं, "गुरुजींचं ते आठवतं का?" झालं! क्लास बंद पडला, किस्से काही बंद पडले नाहीत. तेव्हा जे अंगाला झोंबलं होतं तेच आता आम्ही हसत हसत सांगतो, आणि हसून झालं की एकमेकांकडे बघत नाही.

मी तेव्हा नांदेडला एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचे आणि रविवारी एसटीने लातूरला यायचे. लहानपणी मी गुरुजींकडे गाणं शिकले होते. त्यांच्या मुलाने, अनंताने, त्यांना एक जुना कॉम्प्युटर आणून दिला होता. तो चालवणार कोण, तर मी; आठवडाभर टाइप करायला क्लासची पोरं. काम एकच होतं. गुरुजींच्या गुरूंच्या, म्हणजे आप्पांच्या, सगळ्या बंदिशी नोटेशनसकट कॉम्प्युटरवर घ्यायच्या आणि त्यांचं पुस्तक छापायचं.

*

आप्पा किल्लारीकडच्या एका खेड्यातले. भूकंपात घर अंगावर आलं आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं, शिष्य म्हणावा असे एकटे गुरुजी.

पंचनाम्याच्या दिवशी गुरुजी तिथे होते. घरात काय काय होतं, असं तलाठी विचारत होता. शेजारी सांगत होते, भांडी होती, ज्वारीची पोती होती, एक म्हैस होती. गुरुजी म्हणाले, "बंदिशी होत्या. शंभराच्या वर." तलाठी भला माणूस होता. त्याने कागद पुढून-मागून नीट पाहिला.

"गुरुजी, याला रकाना न्हाई हो."

गुरुजी लातूरला परत आले आणि आठवेल ते गाऊन मुलांकडून उतरवून घ्यायला लागले. मला म्हणायचे, "सुलभा, आप्पा आता माझ्या गळ्यात तेवढे उरलेत. आणि गळ्याचा काय भरवसा?"

*

तोवर लातूरला कोचिंगचं पीक आलं होतं. उमरीची, हिमायतनगरची, कुठकुठली पोरं आठवी-नववीपासूनच डॉक्टर व्हायला यायची आणि एकेका खोलीत चार चार जण राहायची. आमच्या क्लासलाही अचानक गर्दी झाली. गुरुजी खूश! मग कळलं की गाण्याची परीक्षा दिली तर दहावीला जादा मार्क मिळतात.

उमरीचे एक वडील मुलीला घेऊन आले. गुरुजींनी सवयीने सांगायला सुरुवात केली की आधी सहा महिने नुसता षड्ज लावायचा, आवाज बसवायचा. त्या गृहस्थांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि अगदी अदबीने हात जोडले.

"गुरुजी, लई गाणं नको. मार्कापुरतं शिकवा."

गुरुजींनी तिला शिकवलं. मार्क मिळाले, पेढे आले, आणि मुलगी पुन्हा कधी आली नाही. तिच्या गळ्यात काय होतं ते गुरुजी पुढे कितीतरी दिवस घरात काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सांगत होते. मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि त्याचं काय चुकलं हे काही सांगता येत नाही.

*

मध्येच नोटेशनच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि आमची एकही जुनी फाइल उघडेना. गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. मी म्हटलं, घाबरू नका, काळ्या स्क्रीनवर एक ओळ लिहायची. कॉम्प्युटर आपोआप एकेका फोल्डरात शिरतो, फाइल उघडतो, नव्या पद्धतीची करतो आणि पुढे जातो. दहा मिनिटांचं काम.

आमच्याकडे एका रागाचं एक फोल्डर होतं. मी एन्टर दाबणार, तोच गुरुजी म्हणाले, "थांब. मालकंस आत्ता उघडणार हा?"

सकाळचे नऊ वाजले होते. मालकंस हा रात्रीचा राग.

मी म्हटलं, गुरुजी, तो गाणार नाहीये, नुसती फाइल बदलणार आहे. गुरुजी म्हणाले, "बदलायची तर बदलावी. पण वेळेला बदलावी."

दहा मिनिटांचं काम दिवसभर पुरलं. सकाळी भैरव आणि तोडी, दुपारी सारंग, दिवेलागणीला यमन. मालकंसासाठी मला मुक्काम करावा लागला. सोमवार बुडाला, आणि मंगळवारी कॉलेजात विभागप्रमुखांनी रजेचं कारण विचारलं. मी "ताप" असं लिहून दिलं. खरं कारण लिहिलं असतं तर त्यांनी मलाच कुठेतरी दाखवायला नेलं असतं!

*

पुस्तकाला प्रस्तावना हवी म्हणून नांदेडहून एक परीक्षक आले. विद्वान माणूस, वाचतही मन लावून होते. आप्पांच्या बागेश्रीत त्यांना जागोजागी असा एक स्वर सापडला, जो त्या ठिकाणी लागायलाच नको. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, तुमच्या त्या कमांडने हा सगळ्या फाइलींतून एकदम बदलता येईल का? मी म्हटलं, येईल, एका ओळीत. त्यांना आनंद झाला. आणि हे सगळं गुरुजींनी ऐकलं.

आम्हाला वाटलं आता वाद पेटणार, ग्रंथ निघणार, दाखले येणार. गुरुजी काही भांडले नाहीत.

"चूकच आहे ती," ते म्हणाले. "मलाही ठाऊक आहे. पण आप्पांची आहे, राहू द्या."

परीक्षकांनी चहा घेतला आणि ते निघून गेले. प्रस्तावना काही आली नाही.

*

अनंत फिजिक्स शिकवायचा आणि चांगलं शिकवायचा. खाली त्याची कोचिंगची खोली होती, वर आमचा हॉल. वर्षभरात खाली माणूस मावेना. मग निरोप यायला लागले, टेस्ट चालू आहे, तानपुरा हळू. टेस्ट चालू आहे, तबला नको.

आमचे तबल्याचे रशीदभाई मोठे मानी. एका रविवारी मी गेले तर ते मांडीवर दोन्ही हातांनी ठेका धरून बसलेले, पुढ्यात तबला झाकून ठेवलेला. मी विचारलं, रशीदभाई, वाजवणं सोडलं की काय?

"वाजवूनच राहिलो ना मी," ते म्हणाले. "आवाज तेवढा काढत न्हाई."

पुढच्या महिन्यापासून ते आलेच नाहीत. अनंताला मी चांगलंच सुनावलं. तो म्हणाला, "ताई, घर त्या खालच्या खोलीवर चालतं, वरच्या नाही." ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं.

*

शेवटी वरचा हॉलही कोचिंगला द्यायचं ठरलं. कॉम्प्युटर दुसऱ्या दिवसापासून अ‍ॅडमिशनच्या कामाला खाली जाणार होता. माझ्या हातात तो एक रविवार होता. आणि तेव्हाच छापखान्यातून विचारणा झाली की या रचना कुणाच्या म्हणून छापायच्या? एकाही फाइलीत रचनाकाराचं नाव नाही.

खरंच नव्हतं. त्याचं कारण गुरुजी. नुसतं "आप्पा" म्हटलेलं चालायचं, पण गुरूचं पूर्ण नाव घ्यायचं तर कानाच्या पाळीला हात लावून, ही गाणाऱ्यांची रीत. ती सगळेच पाळतात. गुरुजी म्हणायचे, लिहिणं म्हणजेही घेणंच. आता एका हाताने कान धरून पोरं टाइप कशी करणार? म्हणून ती ओळ प्रत्येक फाइलीत कोरी सोडलेली.

मी म्हटलं, गुरुजी, कुणाला टाइप करायला नको. मी एकदाच लिहिते, कॉम्प्युटर सगळ्या फाइलींत घालेल. त्यांनी विचार केला आणि मान हलवली. मी डाव्या हाताने कान धरून उजव्या हाताच्या एका बोटाने आप्पांचं नाव टाइप केलं आणि एन्टर दाबलं.

प्रत्येक फाइलीत नाव घालून तिचं छापायचं पान नव्याने तयार व्हायचं होतं, आणि मशीन म्हातारं. काळ्या स्क्रीनवर एकेक ओळ यायची, अहिर भैरव, आसावरी, कितीतरी वेळाने पुढची. मागे पाहिलं तर गुरुजी उभे. उजव्या हाताने कान धरलेला.

मी म्हटलं, गुरुजी, वेळ लागेल, बसा. ते म्हणाले, "तो नाव घेतोय ना अजून."

जिन्यातून माणसं कोचिंगचे बेंच घेऊन वर यायला लागली. उजवा हात भरून आला तेव्हा गुरुजींनी डाव्या हाताने डावा कान धरला आणि मगच उजवा सोडला. काकू पाणी घेऊन आल्या, ते तसंच राहिलं. केदार झाला, खमाज झाला. तेवढ्यात अनंताच्या इलेक्ट्रिशियनने नव्या ट्यूबलाइट जोडायला मेन स्विच खाली ओढला आणि स्क्रीन विझली.

अनंत आत आला. "बाबा, बंद झालं ते. हात खाली घ्या आता, बेंच लावायचेत."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. "सगळ्यांत झालं का गं?"

मी म्हटलं, "नाही गुरुजी. निम्मी राहिली. पण काळजी करू नका, मी पेनड्राइव्हवर नांदेडला नेते, घरच्या मशीनवर पुरी करते."

"ते होईल गं," गुरुजी म्हणाले. "पण तिथं कान कोण धरील?"

बेंच आणणाऱ्या माणसांनी अनंताकडे पाहिलं. मग अनंताने त्यांना खूण केली, आणि त्यांनी गुरुजींच्या भोवतीने बेंच लावून घेतले.