पालखी आमच्या आळीत वळली

तिसऱ्या खेपेचा निकाल लागला तेव्हा देवाजवळ काही मागायचं मी सोडून दिलं होतं. रुसून नव्हे. मागून मागून शब्दच उरले नव्हते. सकाळी दिवा लावायचा, हात जोडायचे आणि गप्प उभं राहायचं. आपलं कोणी ऐकतंय का, हा प्रश्न मनात येई आणि मी तो तसाच राहू देई. उत्तराची घाई करावी एवढंही बळ अंगात नव्हतं.

परीक्षा ह्यांची होती. मुंबईची, रजिस्टर्ड अकाउंटंटची शेवटची परीक्षा. ती पास झाल्याशिवाय कंपन्यांचे हिशेब तपासून त्यांवर सही करायचा परवाना मिळत नसे. तीस सालानंतरच्या त्या वर्षांत महाड-पोलादपूरकडच्या कोणी ती दिल्याचं आमच्या ऐकिवात नव्हतं. आमच्याकडे वकील होते, डॉक्टर होते, कचेरीत हुद्द्यावर चढलेले होते. पण ही परीक्षा म्हणजे काय, हे बाजारात पुष्कळांना समजावून सांगावं लागे. ते काम मामंजी, म्हणजे माझे सासरे, आनंदाने करीत. ते निवृत्त शाळामास्तर. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी पोलादपूरच्या शाळेत काढली होती आणि मी त्यांचीच विद्यार्थिनी. वरच्या वाडीतून रोज उतरून शाळेत येणारी ही मुलगी त्यांनीच सून म्हणून पसंत केली. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या. महाडच्या घरात आम्ही तिघंच. मुलाने फोर्टातल्या पेढीत उमेदवारी केली, आता एवढी एक परीक्षा राहिली, हे मामंजी ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्यामुळे परीक्षा एकट्या ह्यांची असली तरी निकालाकडे सगळ्या आळीचे डोळे लागलेले असत.

पहिल्या खेपेला हे कायद्याच्या पेपरात राहिले. तेव्हा कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. दुसऱ्या खेपेला कायदा सुटला, तर हिशेबतपासणीत अडले. तिसऱ्या खेपेला सगळे विषय सुटले, पण एकूण गुण थोडे कमी पडले. हा घाव सगळ्यांत वाईट. कुठे चुकलं ते दिसत असतं तर माणूस तिथे बोट ठेवतो. इथे बोट ठेवायला जागाच नव्हती.

त्यानंतर हे माळ्यावरच्या खोलीतून खाली उतरेनासे झाले. जेवायला येत ते मामंजींचं जेवण उरकल्यावर. बाहेर जात ते दिवेलागणीनंतर, तेही मागच्या दाराने, नदीच्या अंगाला. बाजाराचं तर नावच नको. ह्यांच्या वर्गात असलेले एक वकील चौकात राहत. भेटले की हसून विचारत, "काय, यंदा तरी?" त्यांच्या मनात वाईट नसेलही, पण त्या तीन शब्दांसाठी हे अख्ख्या चौकाला वळसा घालू लागले. मामंजीही ओट्यावर बसेनासे झाले. ते ह्यांना कधी एक शब्द टाकून बोलले नाहीत. पण बापलेक समोरासमोर आले की दोघंही जमिनीकडे बघत.

एके दिवशी हे मला म्हणाले, "तू थोडे दिवस माहेरी जाऊन ये." मी म्हटलं, सणाला जाईन. दोनच दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा म्हणाले तेव्हा आवाज इतका मऊ होता की मी हातातलं काम टाकून ह्यांच्याकडे बघितलं. रागावलेला माणूस असा बोलत नाही. ह्यांच्या मनात आफ्रिकेची बोट होती की सावित्री नदीचा डोह होता, ते मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून मी ह्यांना घरात एकटं सोडलं नाही. पाणी भरायला गेले तरी शेजारच्या काकूंना ओट्यावर बसवून जाई.

अशात महाशिवरात्र आली. आमच्याकडे त्या दिवसांत वीरेश्वराचा छबिना असतो. गावोगावच्या देवी पालखीत बसून त्याच्या भेटीला महाडला येतात. माझ्या माहेरची काळकाईही येते. डोंगर उतरून, पोलादपूर ओलांडून आमच्या वाडीची माणसं तिला खांद्यावर घेऊन येतात आणि मोठ्या रस्त्याने थेट देवळाकडे जातात. लग्न झाल्यापासून दर वर्षी मी त्या मोठ्या रस्त्यावर ओटीचं ताट घेऊन उभी राहत आले होते. माहेरच्या माणसाला भेटावं तसं तिला डोळे भरून बघायचं आणि परतायचं. त्या वर्षी जाता येत नव्हतं. काकू स्वतःच छबिन्याला गेलेल्या, मामंजींना नीट ऐकू येत नसे आणि हे वर माळ्यावर. ताट मी सवयीने भरलं होतं. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. ते देवापुढे ठेवलं आणि मनात म्हटलं, आई, यंदा माझं येणं होत नाही. मागितलं काहीच नाही. एवढंच सांगितलं.

दुपार कलली होती. लांबून आमच्याकडचा खालूबाजा ऐकू आला. ढोल, सनई, मधूनच शिंग. तो आवाज मला झोपेतही ओळखता येईल. मी दारात येऊन उभी राहिले, निदान कानांनी तरी भेट व्हावी म्हणून. आवाज मोठ्या रस्त्याने पुढे जाईल आणि विरत जाईल असं वाटत होतं. तो विरेना. जवळ येत गेला. मग आळीच्या तोंडाशी अबदागिरी दिसली, गुलाल दिसला, आणि पालखी आमच्या अरुंद आळीत वळली. मी बघतच राहिले. ती डुलत डुलत आली आणि नेमकी आमच्या पायरीसमोर थांबली.

पुढे धोंडूबाबा होते, आमच्या वाडीचे मानकरी. मला पाहून तेही चपापले. माझं सासर महाडात आहे एवढं त्यांना ठाऊक होतं, पण घर त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "तू हितं ऱ्हातेस व्हय गो?" ते म्हणाले, आणि मग पालखीकडे बघून हळूच पुटपुटले, "म्हंजे लेकीकडं आली."

मी भोयांच्या पायांवर पाणी घातलं, ओटी भरली. आता पालखी निघणार म्हणून बाजूला झाले. भोयांनी जोर केला, पण पाऊल उचलेना. पुढचा एक जण म्हणाला, "बाबा, खांदा लय जड झालाय. आई हलत नाय." आमच्याकडे रीत अशी की पालखी ज्या दारात अडून बसते, त्या घरच्या पुरुषाने तिला खांद्यावर घेऊन पुढे न्यायचं. धोंडूबाबांनी मोठ्याने विचारलं, "घरात पुरुस मानूस कोन हाय?"

मामंजी काठी टेकत बाहेर आले. "मी आहे," म्हणाले, आणि काठी भिंतीला लावून खरोखरच पुढे झाले. धोंडूबाबांनी त्यांचे हात हातांत घेतले. "मास्तर, तुमी माज्या पोरांना शिकवलंत. तुमाला वजं नाय देनार. दुसरं कोन नाय का?"

मामंजींनी काठी पुन्हा हातात घेतली. सगळी आळी बघत होती. मी आत वळले आणि माळ्यावर गेले.

हे खिडकीपासून लांब, भिंतीला टेकून बसले होते. खालचं सगळं ऐकलेलं होतं. दाढी वाढलेली, सदरा चुरगळलेला. म्हणाले, "सांग, मी घरात नाही."

ह्यांच्या शब्दाबाहेर मी कधी गेले नव्हते. पण माझ्या तोंडून आलं, "आई दारात उभी आहे. तिला मी खोटं सांगणार नाही."

"या अवतारात येऊ?"

"तिला चालत नसतं तर ती दुसऱ्या दारात गेली असती."

ह्यांनी चुरगळलेला सदरा हाताने सारखा केला. मग उठले आणि जिना उतरले. पायरीवर इतक्या दिवसांनी उन्हात आल्यावर ह्यांचे डोळे मिटमिटले. धोंडूबाबांनी स्वतःच्या खांद्यावरचं घोंगडं काढून दुमडलं, ह्यांच्या खांद्यावर ठेवलं आणि म्हणाले, "मान वाकडी करू नका. पाय समद्यांसंगं टाका. बाकी ती बघंल." शिंग वाजलं, आणि पालखी उठली.

मी बायकांबरोबर मागून चालले. आळीतून देवळाला जायची जवळची वाट होती, पण पालखी बाजाराकडे निघाली. हे ज्या बाजाराला टाळत होते, त्याच्या मधोमध. दोन्ही अंगांना दुकानं, दुकानांच्या पायऱ्यांवर माणसं, आणि सगळी ओळखीची. कोणी काही बोललं तर? पण बोलणार कोण? पालखी समोर आली की एकेक पागोटं, एकेक टोपी वाकत होती. वाण्याच्या दुकानातले थोरले शेठ गादीवरून उतरून रस्त्यात आले. ज्या मास्तरीणबाई मला विहिरीवर खोचून विचारत, त्यांनी फुलं टाकली, आणि त्यांतली काही ह्यांच्या केसांवर पडली. चौकात ते वकील कळशी घेऊन उभे होते. भोयांच्या पायांवर ओळीने पाणी घालत आले, ह्यांच्यापाशी पोचले, वर पाहिलं आणि ओळखलं. मग वाकून त्यांनी ह्यांच्या दोन्ही पायांवर पाणी घातलं आणि ओला हात स्वतःच्या डोळ्यांना लावला. तो नमस्कार देवीला होता, हे मला कळतं. पण ह्यांची मान त्या वेळी ताठ होती आणि पाऊल सगळ्यांबरोबर पडत होतं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझा ऊर भरून आला. मी डोळे पुसले नाहीत. बघणाऱ्यांनी बघावं, असंच वाटत होतं.

देवळापाशी पालखी उतरली तेव्हा ह्यांचा खांदा सोलून निघाला होता. घरी येऊन मी हळद लावत होते, तर म्हणाले, "भूक लागली आहे." हे शब्द मी कित्येक दिवसांत ऐकले नव्हते. मामंजींच्या पानाशेजारीच ह्यांचं पान मांडलं. जेवताना हे आपणहून बोलले. "सुरुवातीला मी जोर लावून उचलत होतो, तर सगळा भार माझ्याच अंगावर येई. पुढचा गडी म्हणाला, दादा, उचलू नका, नुसतं चाला. तसा चाललो आणि हलकं वाटायला लागलं." मामंजींना किती ऐकू आलं कोण जाणे, पण ते मान हलवत होते आणि भाताचा घास तसाच हातात होता.

वाडीची माणसं परत निघाली तेव्हा मी धोंडूबाबांना विचारलं, पालखी आमच्या आळीत का आणलीत. ते म्हणाले, "आमी कुटं आनली? आमी आपले तिच्या मागं." बरोबरचा एक जण मात्र म्हणाला, मोठ्या रस्त्यावर वाशांची गाडी कलंडली होती, म्हणून वळावं लागलं. दोन्ही खरं असेल. गाडी कलंडली असेल आणि आईही आली असेल. त्यावर मी कधी कोणाशी वाद घातला नाही.

इथेच सगळं सुफळ झालं असं लिहिता आलं असतं, पण तसं झालं नाही. हे पुन्हा अभ्यासाला लागले, पुन्हा परीक्षेला बसले आणि चौथ्यांदा राहिले. निकाल पाहायला हे स्वतः मुंबईला गेले होते. आधीच्या खेपांना असं झालं की हे मुंबईची बोट लागते त्या धरमतरच्या बंदरावर मुद्दाम थांबून शेवटच्या मोटारीने येत, म्हणजे अंधारात कोणी भेटायचं नाही. या खेपेला भर दुपारी मोटारीतून बाजारात उतरले. वाण्याच्या शेठनी विचारलं, "काय निकाल?" हे म्हणाले, "नापास झालो. पुन्हा बसणार आहे." पुढे चौकात वकील भेटले. त्यांनी काही विचारलं नव्हतं, तरी थांबून त्यांनाही तेच सांगितलं. मग सगळा बाजार सरळ चालत, ओळखीच्यांना नमस्कार करत घरी आले. बातमी ह्यांच्याआधी पोचली होती. मामंजी ओट्यावरून उठले, पायऱ्या उतरून आळीत गेले आणि ह्यांच्या हातातली पिशवी त्यांनी स्वतः घेतली. शेजारी उभे होते. त्यांच्याकडे वळून मामंजी मोठ्याने म्हणाले, "हा माझा मुलगा. आताच मुंबईहून आला." पास झालेल्या मुलाची ओळखही कोणी इतक्या डौलाने करून दिली नसेल.

त्या दिवशी मी शिरा केला. देवाला नैवेद्य दाखवला. काकूंनी विचारलं, "अगं, निकाल काय लागला म्हणायचा?" मी म्हटलं, "माणूस घरी आला."

पाचव्या खेपेला हे पास झाले. महाडात ह्यांच्या नावाची पाटी लागली. पेणपासून पोलादपूरपर्यंतची माणसं हिशेब तपासून घ्यायला आमच्या ओट्यावर येऊ लागली. मामंजींनी ती पाटी डोळे भरून पाहिली, ही आईची कृपा. मला त्या पाटीचा अभिमान आहे, नाही कसा म्हणू. पण देवापुढे उभी राहिले की मनात पहिल्यांदा येतो तो चौथ्या निकालाचा दिवस. यश तिच्या हातात आहे, ते ती तिच्या वेळेला देते. आपल्याकडे एवढंच येतं की हाक आली की जिना उतरायचा, आणि पाय सगळ्यांबरोबर टाकायचा. आता मी पुन्हा मागते, पण हट्ट धरत नाही. पास झाल्याच्या दिवशी काकूंनी हौसेने विचारलं, "आज काय गोड करणार?" मी म्हटलं, शिरा. तेवढाच रवा घेतला, तेवढंच तूप घातलं, आणि तोच नैवेद्य तिच्यापुढे ठेवला.