मुर्ध्याच्या खाडीतलं जाळं

मला पुढे पुढे करायची भारी हौस. आमच्या पूनम सागरच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं, रविवारी खाडी साफ करायला जाऊ या. मी लगेच लिहिलं, "मुर्ध्याला चला, माझं माहेर आहे ते." झालं! पंधरा जण तयार झाले आणि मी त्यांची म्होरकी.

ओहोटीची वेळ मीच काढून दिली. हातमोजे, गोण्या, कात्र्या, सगळं जमवलं. बंधाऱ्यावरून खाली उतरलो तसे सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. काय उचलायचं, काय सोडायचं, ते मी सांगायचं. गावची मुलगी ना मी! खरं सांगते, लग्न झाल्यापासून वीस वर्षांत त्या चिखलात पाय घातला नव्हता. माहेरी जायचं, पोटभर जेवायचं, डबा भरून घ्यायचा आणि रिक्षाने परत.

तिवरांच्या मुळांत एक जाळं कोंबलेलं दिसलं. चिखलाने काळं झालेलं, वर जुन्या चपलांचे तुकडे बांधलेले. शेजारच्या बिल्डिंगमधल्या गुजराती बेन म्हणाल्या, "ये निकालें क्या?"

"निकालो, निकालो! काट के निकालो, ऐसे नहीं आएगा," मी म्हटलं. वर तिवरांना धक्का लावू नका म्हणून शहाणपणाही शिकवला.

निम्मं जाळं गोणीत गेलं तेव्हा माझ्या हाताला एक गुलाबी तुकडा लागला, चांदणी छापलेला. माझ्या लेकीच्या चपला! तिला तोकड्या झाल्या तेव्हा मी फेकायला निघाले होते. माझे बाबाच म्हणाले होते, ठेव इथे, जाळं तरंगवायला कामाला येतील.

म्हणजे हे जाळं बाबांचं! गुडघे धरल्यापासून बाबा जाळं घरी वाहून नेत नसत. तिवरात ठेवायचे, भरतीच्या आधी येऊन तिथेच लावायचे. हे मला नंतर कळलं. कधी विचारलंच नव्हतं. मिळायचे चार बोईट मासे, पण तेवढ्यासाठी माणूस उठायचा, आंघोळ करायचा, घराबाहेर पडायचा. आई गेल्यापासून त्यांना दुसरं काही उरलंच नव्हतं.

वर पाहिलं तर बंधाऱ्यावर बाबा उभे, हातात बादली. हे माझे वडील, हे तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. बेननी त्यांना गोड आवाजात विचारलं, "अंकल, ये आपका है क्या?"

 बाबा माझ्याकडे बघत राहिले. निम्मं जाळं अजून शाबूत होतं. मी "थांबा" म्हटलं असतं तर उरलेलं वाचलं असतं. बाकीचं त्यांनी विणून घेतलं असतं. पण मघापासून एवढ्या ऐटीत हुकूम सोडल्यावर, हा कचरा माझ्या बापाचा आहे हे पंधरा जणांसमोर सांगायची मला लाज वाटली. होय, लाजच वाटली. मी खाली वाकले आणि गोणीचं तोंड धरलं.

"न्हाय," बाबा म्हणाले. "कचराच हाय तो. कापा."

आणि कात्र्या पुन्हा चालू झाल्या. बाबा रिकामी बादली घेऊन घरी गेले.

आठवड्याने मी नवंकोरं जाळं घेऊन गेले. बाबांनी ते हाताने चाचपलं, चांगलं आहे म्हणाले, घडी घालून माळ्यावर ठेवलं. त्यानंतर ते खाडीवर गेले नाहीत. दिवसभर पडवीत बसून असतात. मी जाते तेव्हा विचारतात, जेवलीस का? बाकी काही नाही.

एकदा मला राहवलं नाही. त्यांच्यापुढे बसून ढसाढसा रडले. म्हटलं, "बाबा, तू का नाय बोललास? माझं हाय म्हनायचंस ना! मी थांबवलं असतं सगळ्यांना."

बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. रागाचा लवलेश नव्हता चेहऱ्यावर.

"मी तुज्याकरं बगत व्हतो," ते म्हणाले. "म्हनला, पोर सांगल."