तापलेल्याची खुर्ची

"सुदामआप्पा नहीं रहे, भैया." कुरकुंभहून त्यांच्या रूममधल्या सोबत्याचा फोन आला, तेव्हा मी शेवंतीचे क्रेट भरत होतो. "कोण सुदामआप्पा?" मी विचारलं. आमच्या आख्ख्या कवठे गावात मला एकच सुदामआप्पा ठाऊक, तरी विचारलं... महिना उलटला, अजून डोक्यात शिरत नाही.

आप्पा कुरकुंभच्या केमिकल कंपनीत रिॲक्टरवर ऑपरेटर. सुट्टीला गावी आले की उष्णतेचे नियम आमच्या फूलबाजाराला लावायचे. उष्णता जशी गाराकडं जाते, तसा माल चढ्या भावाकडं धावतो, आणि सगळेच धावले की भावही कोमट. "फरक हाय तवर काम हाय," म्हणायचे. आम्ही खिदळायचो. मग एका दसऱ्याला सगळ्यांनी एकदमच तोडणी केली आणि फुलांचे ढीग रस्त्याकडेला ओतून आलो, तेव्हा आमची तोंडं बंद झाली. आप्पांनी गट बांधला. लागवड पाळीपाळीनं, तोडणीही पाळीनं.

गट म्हटला की भांडणं आलीच. त्यावर त्यांचा तोडगा म्हणजे बैठकीत दाराजवळची निळी खुर्ची. जो सगळ्यात तापलाय त्यानं आधी तिथं बसून बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही. "आधी वाफ सोडा, मंग झाकण काढा. न्हाईतर तोंडावर उडतंय." माझं डोकं मुळातच तापट, त्यामुळं त्या खुर्चीसाठी लोक माझंच नाव घेत.

त्यांच्या शेवटच्या बैठकीत आप्पाच तिथं बसले. पहिल्यांदाच. मला चेष्टा वाटली. म्हटलं, "आप्पा, तुम्ही गार माणूस. उठा, मला बोलायचंय."

ते उठले. "बस बाबा," म्हणाले.

मी तोडणीच्या पाळीवरून अर्धा तास बोंबललो. ते ऐकत राहिले. त्यांना काय सांगायचं होतं, ते विचारायचं मला सुचलंच नाही... चार दिवसांनी तो फोन.

अंत्यविधीला आलेला सोबती म्हणाला, "महीने भर से सीना भारी था. बोले थे, गाँव में बताऊँगा." साऱ्या गावाची वाफ मोजणारा माणूस, आणि त्याची पाळी मी खाल्ली.

परवा बैठक झाली. निळी खुर्ची मोकळी होती. सवयीनं सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी बसलो नाही. "कुणाला काही सांगायचंय का?" एवढं विचारलं. आणि खुर्चीशेजारी वाट बघत उभा राहिलो.